खुडूक कोंबडीखालची बदकं

वन्सं,

तुमचा तेरावा उरकला आणि पाहुणे आपापल्या गावाला गेले. तुमची खुडूक कोंबडी मात्र अजून चुलीच्या उबेला टोपलीत बसून आहे. दाणे टाकायला वाकले की ती मान उंच करून माझ्या मागं बघते, आणि मागून कुणी येत नाही असं दिसलं की माझ्या मनगटाला चोच मारते. तुम्हाला तिनं कधी चोच मारली नाही. तुम्ही थेट पोटाखाली हात घालायचात आणि ती डोळे मिटून घ्यायची, लबाड.

तिच्याखाली तुम्हीच ठेवलेली बदकांची अंडी आहेत. सासूबाईंना, म्हणजे तुमच्या आईला, ती टोपली घरात नको आहे. "त्या अंड्यांनीच माझी लेक न्हेली," असं त्या आल्यागेल्याला सांगतात. मला टोपली हवी आहे. हे, तुमचे धाकटे भाऊ, दोघींच्या मधे सापडलेत. सकाळी सायकलवर टांग टाकतात आणि पिंपरीच्या कंपनीत निघून जातात, ओव्हरटाइम नसला तरी उशिरा येतात. दिवसभर घरात आम्ही दोघी. मी जड पोट घेऊन, त्या कोरडे डोळे घेऊन. भाकरी थापण्याचा काय तो आवाज होतो.

म्हणून तुमच्याशी बोलतेय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि मी काहीही लिहायला बसले की तुम्ही म्हणायचात, "आमची गाऱ्हाणी लिवतीस काय गं मालू?" होय वन्सं, आज तुमचीच लिहितेय.

मी या घरात आले तेव्हा मला तुमची धास्ती होती. पुनावळ्याला दिलेली नणंद, मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केल्यावर पत्र्याची पेटी घेऊन चऱ्होलीला परतलेली. मैत्रिणींनी बजावलं होतं, जपून राहा, नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून दुधाचं पातेलं पालथं झालं आणि तुम्ही आईला सांगितलंत, "मांजर गं, मेलं कुठनं शिरलं कुणास ठावं." आपल्या घरी मांजर नव्हतंच. त्या दिवसापासून मी तुमची झाले.

बदकं तुम्ही चाकणच्या बाजारातून आणलीत. मिरच्या विकायला गेलात आणि पाखरं विकणाऱ्या शेखमामूंकडून पाय बांधलेली बदकं काखोटीला मारून परत आलात. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "कोंबड्या काय कमी व्हत्या? ह्यांचं ते ढुंगण हलवत चालणं, पाव्हण्यारावळ्यात लाज आणत्याल!" गावात हसं झालं. तुम्ही रोज त्यांना इंद्रायणीवर न्यायचात आणि उन्हं उतरली की हाका मारत परत आणायचात, आणि हसणारी पोरं तुमच्या मागून रांगेत चालायची, बदकांसारखीच.

बदकांची मादी अंडी घालते आणि विसरून जाते. म्हणून ती खुडूक कोंबडीखाली ठेवायची. शेखमामूंनी सांगितलं होतं, बदक भिजून येऊन अंड्यावर बसतं, कोंबडी कोरडी असते, तेव्हा अंड्यांवर पाणी शिंपडत जा. ते तुम्ही केलंत. पण खुडूक बसलेली कोंबडी अर्धी रिकामी कशाला ठेवायची, म्हणून सासूबाईंनी त्याच टोपलीत कोंबडीचीही अंडी सारली. आपल्याकडच्या कुठल्याही घरात हेच केलं असतं. कोंबडीची पिल्लं आठवडाभर आधी निघाली आणि कोंबडी पिल्लं घेऊन उकिरड्याकडे चालती झाली. बदकांची अंडी निवायला लागली. तुम्ही ती मऊ फडक्यात गुंडाळून पोटाशी बांधलीत आणि वरून पदर घेतलात.

नदीवर गावातल्या धोंडाबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, "गंगे, दिस गेलं काय गं तुला?"

"व्हय की," तुम्ही म्हणालात, "पर बाप कोन ते इचारू नगंस. तिकडं पाण्यात पवतोय."

बाया पोट धरून हसल्या. घरी आल्यावर तुम्ही भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ बसला होतात, ते मी पाहिलं.

मग एका अंड्यावर आतून चोचीचा टोचा पडला. बारीकसं भोक, त्यातून श्वासाबरोबर हलणारं चोचीचं टोक, आणि आतून येणारा चिवचिवाट. आपण दोघी खुळ्यासारख्या एकमेकींकडे बघून हसलो. पण दिवस कलला तरी भोक वाढेना. आतला पापुद्रा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटला होता, त्याला मान वळवता येत नव्हती. चिवचिवाट मंदावला. तुम्ही म्हणालात फोडू या, मी म्हणाले थांबू या. तुम्ही फोडलंत. पापुद्रा ओढल्याबरोबर रक्त आलं, आणि पिल्लू तुमच्या तळव्यावर गेलं. तुम्ही दोन वेळा जेवला नाहीत. मीच तुम्हाला ताटावर ओढून बसवलं आणि वर बोललेही, "घाई नडली तुमची." बोलायला नको होतं असं मला आजही वाटत नाही, कारण पुढच्या अंड्याला तुम्ही थांबलात. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं त्याच्यावर ठेवायचं, बाभळीच्या काट्यानं कवचाचा एकेक तुकडा अलगद उचलायचा, लाल रेघ दिसली की हात मागं घ्यायचा आणि पुन्हा फडकं. ते पिल्लू जगलं. ओलंचिंब, मान टाकलेलं, इतकं कुरूप की मला हसूच फुटलं. तुम्ही रडत होतात.

तरी आपलं भांडण मिटलं नाही. प्रत्येक अंड्याला ते नव्यानं व्हायचं. तुमचा हात पुढं, माझा हात तुमच्या मनगटावर. गंमत अशी की आपण दोघीही अंड्यांविषयी भांडत नव्हतो, आणि दोघींनाही ते माहीत होतं.

मला आई नाही, म्हणून माझं पहिलं बाळंतपणही इथंच झालं, बदकं घरात येण्याआधी. कळा सुरू होऊन दुसरा दिवस उजाडला. सुईण म्हणत होती, "यील आपआपलं." सासूबाई म्हणत होत्या, "बाईच्या जातीला दम पायजे." तुम्ही एकट्या म्हणालात गाडी जुंपा, पुण्याला नेऊ. पण परत आलेल्या लेकीचं घरात कोण ऐकतं? तुम्ही एकदा म्हणालात, दोनदा म्हणालात, मग माझ्या उशाशी बसून राहिलात. मुलगा झाला. निळा. एकदाही रडला नाही. त्याला अंघोळ तुम्ही घातलीत. नंतर कैक दिवसांनी, भाकरीचं पीठ मळता मळता म्हणालात, "मीच जाऊन बैल जुंपाया पायजे हुते." म्हणूनच कुठल्याही अंड्यापुढं तुम्हाला थांबवत नसे. मी एकदा चिडून म्हणाले, "वन्सं, तुम्ही अंडं नाही फोडत, तुम्ही माझं ते बाळंतपण फिरून करताय." तुम्ही दिवसभर माझ्याशी अबोला धरलात. संध्याकाळी माझ्या ताटात तुमच्या वाटणीचा गूळ होता. त्यावर पुढं आपण कधीच बोललो नाही, आणि आता बोलणंही नाही.

गावाचं मत वेगळंच होतं. ते धोंडाबाईच्या तोंडून आपल्या अंगणात यायचं. "जे आपल्या बळानं भाईर येत न्हाई ते यमाचं आसतं. त्येला वडून काढलं की यम त्येच्या बदल्यात दुसरं न्हेतो." पहिलं पिल्लू जगलं त्याच आठवड्यात आपला पवळ्या बैल पान लागून, साप चावून, मेला. मी म्हणाले, गोठ्यामागं वारूळ आहे, त्याला बदक काय करणार? पुढच्या खेपेला पिल्लं निघाली आणि शेजारच्यांची भिंत खचली. मी हसले. तुम्ही हसला नाहीत. काट्यानं कवच उचलता उचलता म्हणालात, "न्हेऊ दे की. न्हेलं तर मलाच न्हेईल. माज्यामागं रडाया कोन हाय?" "मी आहे ना!" म्हणून मी ओरडले, आणि तुम्ही नुसती मान हलवलीत, बाजारात भाव पटल्यावर हलवावी तशी.

यंदा मला पुन्हा दिवस गेले. तुम्ही कुणाला न विचारता मला पिंपरी कॅम्पात त्या सिंधी डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलात. त्यांनी पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. "बच्चा आडवा आहे. फिरला तर ठीक. नाही तर कळा सुरू व्हायच्या आधी पुण्याला जा. आधी, समझी? नंतर नाही." घरी येऊन यांना चुलीपुढं बसवलंत आणि माझ्या देखत शब्द घेतलात, की नववा लागला की गाडी जुंपायची, आई काहीही म्हणो.

त्यानंतर आधीच्या खेपेतल्या एका अंड्याशी झटताना काटा तुमच्या अंगठ्याच्या मुळाशी खोल गेला. सासूबाईंनी धावत जाऊन गोठ्यातली माती आणली आणि जखमेवर दाबून चिंधी बांधली. त्यांच्या आईनं त्यांच्या जखमांवर दाबली होती, तशीच. जखम वरून भरली, आणि तुम्ही कोंबडीखाली आताची ही अंडी ठेवलीत. आपण विसरूनही गेलो. मग एका सकाळी तुम्ही भाकरीचा तुकडा तोंडाशी नेलात आणि तो तसाच हातात घेऊन बसलात. "दात आवळल्यागत झाल्यात," म्हणालात. दुपारपर्यंत जबडा मिटला. मान मागं ओढली जायला लागली. ओठ दोन्ही बाजूंनी ताणले गेले, आणि दारात जमलेल्या बाया कुजबुजल्या, "हसतीया बघा." वन्सं, तुम्ही हसत नव्हतात. तुमचे डोळे मी पाहत होते.

गाडीत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. चाक दगडावर चढलं की तुमचं अख्खं अंग ताठ व्हायचं. दिघीच्या पुढं तुम्ही हात उचलून माझ्या पोटावर ठेवलात आणि दाबलात. काही तरी सांगायचं होतं तुम्हाला. दातांच्या फटीतून नुसता वारा आला. मी "काय? काय वन्सं?" विचारत राहिले. ते काय होतं, याचा मी रोज विचार करते, आणि रोज मला वेगळंच उत्तर सुचतं.

पुण्याच्या दवाखान्यात तुम्हाला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. धनुर्वाताच्या रोग्याला उजेड, आवाज, कुणाचा स्पर्श, काही सोसत नाही, म्हणून दार लावून घ्यायचं असतं, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्यांचं खरंच असणार. पण सासूबाई त्या दाराबाहेर भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि दार उघडलं तेव्हा तुम्ही नव्हतात.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, जखमेला काय लावलं होतं? मी सांगितलं. ते म्हणाले, रोग त्या मातीतूनच गेला. हे घरात फक्त मला माहीत आहे. सासूबाई अंड्यांना शिव्या देतात, यमाला देतात, दवाखान्याला देतात. धोंडाबाई आता रोज येते आणि माझ्या पोटाकडे बघून मान हलवते. सासूबाईंनी परवा स्पष्ट सांगितलं, "पुन्याला न्यायचं नाव काढू नगा. न्हेलेली एक परत आली न्हाई. हे घरातच हुईल, आपआपलं हुईल." यांनी तुम्हाला दिलेला शब्द त्या एका वाक्याखाली दबून गेलाय. आणि मी गप्प आहे. तुमच्या आईला एकच वाक्य बोलले तर मी हे भांडण जिंकेन. पण ते वाक्य ऐकून त्या पुढं कशा जगतील ते मला दिसतं, म्हणून माझ्या तोंडून ते निघत नाही.

नववा लागलाय, आणि पोटातलं अजून आडवंच आहे. हल्ली सकाळी हलत नाही, दुपारी हलतं. रोज दुपारपर्यंत मी कामाचं सोंग करून वाट बघत असते.

*

काल इथवर लिहून उठले होते. आता पुढचं सांगते.

आज यांना सुट्टी होती. सकाळीच टोपलीतून चिवचिवाट ऐकू आला. कोंबडीच्या चोची खात मी अंडं बाहेर काढलं. टोचा पडला होता. मी पाणी कोमट करून फडकं भिजवलं आणि अंड्यावर ठेवलं. माझ्या मनगटावर आज कुणाचा हात नव्हता. तेवढ्यात सासूबाई पाण्याची घागर घेऊन आत आल्या. घागर त्यांनी ठेवली नाही, टाकली. अशा ओरडल्या की अंगणातून हे धावत आले, तर त्या यांच्यावरच तुटून पडल्या.

"हिला बी घालवायचीया व्हय तुला? पोटुशी बाई आन् हात त्यात घालून बसलीया! उचल ती टोपली. आत्ताच्या आत्ता डोहात टाकून ये. माजं ऐकणार न्हाईस तर मी जाते डोहात."

मी टोपलीवर आडवी झाले. माझं पोट मधे आलं, मला वाकताही येईना. यांनी माझ्याकडे न बघता कोंबडी बाजूला काढली, मी भिजवलेलं अंडं परत टोपलीत ठेवलं, फडक्यासकट, आणि टोपली उचलून निघाले. कोंबडी केकाटत त्यांच्या मागं वेशीपर्यंत गेली.

हे परत आले तेव्हा सूर्य माथ्यावर होता. उंबऱ्याशीच बसले. मी पाणी दिलं, ते हातात धरून राहिले.

"आवाज येत हुता," यांनी सांगितलं. "डोहापतुर येत हुता."

"मग?"

"टाकली."

आणि तुमचे भाऊ, वडील गेले तेव्हाही न रडलेले, तांब्या खाली ठेवून हमसून हमसून रडले. वन्सं, मला त्यांचा संताप आला आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी. मग ते उठले, गोठ्यात गेले आणि गाडीच्या चाकांना वंगण घालायला लागले. सासूबाई दारात आल्या.

"कुठं निगालास?"

"उद्या उजाडताना हिला पुन्याला न्हेतोय. आक्काला सबूद दिलाय म्या."

"आक्काला न्हेलं तवा काय झालं?"

हे वंगण घालत राहिले. सासूबाई दाराच्या चौकटीत आडव्या बसल्या, आता माझ्या अंगावरून जायचं तर जा, अशा. मला वाटलं, शिव्याशाप सुरू होतील. जिभेच्या टोकावर ते मातीचं वाक्य आलं. खरंच आलं होतं, वन्सं. मी ते गिळलं आणि भिंतीला धरून त्यांच्या शेजारी कशीबशी खाली बसले.

कोंबडी अंगणात रिकाम्या जागी फिरत होती. मग त्या खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या खोलीतनं तिनं हाक मारली आसंल का गं? आई म्हनाया तोंड तरी उघडलं आसंल का तिचं?"

मी त्यांचा हात धरला. तुमच्यासारखाच आहे तो, रुंद, अंगठा मागं वळणारा. इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"म्या दाराशीच हुते," त्या म्हणाल्या. "म्या कुठं गेले न्हवते. तिला ते ठावं हुतं का न्हाई, काय म्हाईत."

"ठाऊक होतं त्यांना," मी म्हणाले.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. गाडीकडे बघितलं, माझ्या पोटाकडे बघितलं. मग मला विचारलं, "तुज्यासंगं मला आत बसू देत्याल का? दार लावून घेनार न्हाईत ना?"

मी म्हणाले, देतील.

खरं काय ते मला माहीत नाही, वन्सं. त्या उठून आत गेल्या आहेत, स्वतःचं लुगडं गाठोड्यात बांधतायत.